माहेरच्या पाण्याचा गंध

मराठी भाषेत नाकाला मान मोठा. नाक कापले गेले म्हणजे अब्रू गेली, नाक वर राहिले म्हणजे घराण्याची शान राहिली. कोणी नाक मुरडतो, कोणी नाक घासतो. परंतु ज्ञान मिळविण्याचे साधन म्हणून या अवयवाकडे फारसे कोणी पाहत नाही. डोळ्यांनी पाहिले ते खरे, कानांनी ऐकले ते अर्धे खरे, आणि नाकाला जे कळले ते साक्षीतही धरावयाचे नाही, असा मनुष्याचा व्यवहार आहे. सृष्टीत मात्र असा एक प्राणी आहे की, ज्याचा वंश चालावयाचा की खुंटावयाचा हे फार मोठ्या अंशी त्याच्या नाकावर अवलंबून असते. तो प्राणी म्हणजे उत्तर पॅसिफिक महासागरातील सॅमन मासा. आणि ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध करून दाखविणारे शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक आर्थर हॅस्लर.

सॅमनचे आयुष्य मुळातच विलक्षण. डोंगरातील एखाद्या थंड, उथळ ओढ्याच्या तळाशी, गोट्यांच्या सांदीत मादी अंडी घालते. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले काही महिने, काही जातींत एकदोन वर्षे, गोड्या पाण्यात काढतात. मग एका वसंत ऋतूत ती प्रवाहाबरोबर समुद्राकडे निघतात. या सुमारास त्यांचे शरीर पालटते. अंगावरील ठिपके जाऊन रुपेरी झळाळी येते, आणि गोड्या पाण्यास सरावलेले कल्ले खाऱ्या पाण्यास सरावू लागतात. पुढे काही वर्षे हा मासा महासागरात शेकडो कोस हिंडतो, पोटभर खातो, वाढतो. आणि एके दिवशी त्याला परतीची ओढ लागते. तो नदीच्या मुखाशी येतो, अन्न वर्ज्य करतो, प्रवाहाविरुद्ध पोहत, धबधब्यांवर उड्या मारीत वर चढतो आणि ज्या ओढ्यात जन्मला त्याच ओढ्यात जाऊन प्रजोत्पादन करतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचे आयुष्य संपते. लेकीने पहिल्या बाळंतपणाला माहेरी यावे तसा हा प्रवास असतो. फरक इतकाच की, माहेरी आलेला पॅसिफिक सॅमन परत जात नाही. समुद्रातून नदीत चढणारे मासे आपल्याकडेही आहेत. पावसाळ्यात भडोचकडून नर्मदेत शिरणारा हिल्सा हा त्याच चालीचा मासा होय.

आता प्रश्न असा की, एवढ्या मोठ्या नदीला येऊन मिळणाऱ्या शेकडो ओढ्यांतून आपला ओढा हा मासा ओळखतो कसा? माशांच्या परांवर खुणा करून सोडलेली पिल्ले मोठी होऊन त्याच ओढ्यात परत येतात, हे पूर्वीच दिसून आले होते. त्याला वासाने वाट सापडत असावी, अशी शंकाही एकोणिसाव्या शतकात काहींनी बोलून दाखविली होती. परंतु शंका निराळी आणि पुरावा निराळा. तो पुरावा मिळण्यास विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

आर्थर हॅस्लर यांचा जन्म ५ जानेवारी १९०८ रोजी युटा राज्यातील लीहाय या गावी झाला. प्राणिशास्त्राची पदवी घेतल्यावर ते विस्कॉन्सिन विद्यापीठात आले. मॅडिसन शहरात, मेंडोटा सरोवराच्या अगदी काठावर हे विद्यापीठ वसले आहे. एडवर्ड बर्ज आणि चॅन्सी जुडे या दोन संशोधकांनी तेथे सरोवरशास्त्राचा अमेरिकेतील पाया घातला होता. जुडे यांच्या मार्गदर्शनाखाली हॅस्लर यांनी १९३७ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि त्याच विद्यापीठात ते अध्यापक झाले. दरम्यान दोन वर्षे त्यांनी चेसापीक उपसागराच्या परिसरात सरकारी मत्स्यखात्याचे काम केले. कागदाच्या लगद्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा कालवांवर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहावयाचे होते. पाण्यात मिसळलेली एखादी अदृश्य वस्तू जलचरांचे जीवन कसे पालटून टाकते, हा विषय अशा रीतीने तरुणपणीच त्यांच्या पदरी आला आणि पुढे जन्मभर सुटला नाही.

१९४५ मध्ये, महायुद्धाच्या अखेरीस, अमेरिकन सरकारच्या एका पाहणी पथकाबरोबर ते युरोपात गेले. तेथे त्यांची कार्ल फॉन फ्रिश यांच्याशी गाठ पडली. मधमाश्यांचे नृत्य उलगडून दाखविणारे आणि १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळविणारे हेच ते शास्त्रज्ञ. मधमाश्यांप्रमाणे माशांवरही फ्रिश यांनी काम केले होते. एका लहानशा माशाच्या कातडीला इजा झाली की, तिच्यातून एक द्रव्य पाण्यात पसरते, आणि त्याचा वास येताच कळपातील बाकीचे मासे घाबरून पळ काढतात, असे त्यांना आढळले होते. माशांच्या जगात वासाला केवढे स्थान आहे, ही जाणीव घेऊन हॅस्लर मायदेशी परतले.

पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, सुटीत ते युटातील आपल्या बालपणीच्या डोंगरात फिरावयास गेले. टिंपानोगस शिखराच्या बाजूने चढत असता, कड्याआड दडलेल्या एका धबधब्याकडून वाऱ्याची थंड झुळूक आली. तिच्याबरोबर ओल्या शेवाळाचा आणि तेथील रानफुलांचा वास आला. धबधबा अजून दिसलाही नव्हता. परंतु त्या वासासरशी त्यांच्या मनात बालपणीची सारी दृश्ये उभी राहिली, आणि वर्षानुवर्षे न आठवलेल्या बाळमित्रांची नावेही आठवली. पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीच्या वासाने ज्याला कधी आपले जुने घर आठवले असेल, त्याला हा अनुभव नवा नाही. नवे होते ते पुढचे पाऊल. एका वासाने मनुष्याला इतके आठवत असेल, तर सॅमनला आपला ओढा असाच आठवत नसेल काय, असा प्रश्न हॅस्लर यांनी स्वतःला विचारला. आणि तेथेच न थांबता त्याचे उत्तर प्रयोगशाळेत शोधण्याचे ठरविले.

कल्पना खरी ठरावयाची तर तीन गोष्टी सिद्ध होणे आवश्यक होते. पहिली, प्रत्येक ओढ्याला स्वतःचा निराळा वास असला पाहिजे, आणि तो वर्षानुवर्षे टिकला पाहिजे. दुसरी, तो वास माशाला ओळखता आला पाहिजे. तिसरी, बालपणी घेतलेला तो वास माशाने प्रौढपणापर्यंत लक्षात ठेवला पाहिजे.

पहिल्या दोन गोष्टींसाठी हॅस्लर आणि त्यांचे विद्यार्थी वॉरन विस्बी यांनी विस्कॉन्सिनमधील दोन लहान ओढ्यांचे पाणी आणले, आणि काचेच्या टाक्यांत लहान माशांना शिकविण्यास आरंभ केला. एका ओढ्याचे पाणी सोडले की अन्न मिळावयाचे. दुसऱ्याचे सोडले की विजेचा सौम्य धक्का बसावयाचा. थोड्याच काळात मासे दोन्ही पाणी अचूक ओळखू लागले. ऋतू पालटले तरी त्यांची ओळख चुकली नाही. परंतु त्यांचे घ्राणेंद्रिय निकामी करताच ही ओळख नाहीशी झाली. १९५१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

ओढ्याला वास येतो कोठून, हे येथे सांगितले पाहिजे. पावसाचे पाणी ज्या मातीतून झिरपते ती माती, काठावरची झाडे, कुजणारा पाचोळा, दगडांवरील शेवाळ, पाण्यातील सूक्ष्म जीव, या सर्वांचे अंश त्या पाण्यात उतरतात. शेजारशेजारच्या दोन दऱ्यांतही हे मिश्रण अगदी सारखे नसते. म्हणजे ओढ्याचा वास हा नुसत्या पाण्याचा वास नव्हे. तो भोवतालच्या सबंध प्रदेशाचा वास होय. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व कथा त्यावरच उभी आहे.

यानंतर खऱ्या सॅमनची परीक्षा झाली. वॉशिंग्टन राज्यात इसाक्वा नावाचा ओढा आहे. एके ठिकाणी त्याला दुसरा फाटा येऊन मिळतो, आणि दोन्ही फाट्यांत कोहो जातीचे सॅमन अंडी घालण्यास येतात. १९५२ च्या शरद ऋतूत दोन्ही फाट्यांत आपापल्या घरी पोचलेले सुमारे तीनशे मासे पकडण्यात आले. निम्म्या माशांच्या नाकपुड्यांत बोळे बसविले. बाकीचे तसेच ठेवले. मग सर्वांना संगमाच्या खाली नेऊन सोडले. ज्यांची नाके मोकळी होती, ते बहुतेक पुन्हा आपल्याच फाट्यात शिरले. ज्यांची नाके बंद होती, ते मात्र वाट फुटेल तिकडे गेले. डोळे शाबूत होते, पोहण्याची ताकद शाबूत होती. गेली होती ती केवळ वासाची जाण, आणि तिच्याबरोबर वाटही गेली.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड होती. बालपणीची आठवण प्रौढपणी टिकते, हे दाखवावयाचे तर माशाला लहानपणी असा वास द्यावयास हवा की, जो निसर्गातील कोणत्याही ओढ्यात सापडत नाही. त्यासाठी मॉर्फोलीन नावाचे एक कृत्रिम रसायन निवडण्यात आले. मिशिगन सरोवरात १९६६ पासून कोहो सॅमन सोडले जात होते. १९७० नंतरच्या दशकात तेथेच हे प्रयोग झाले. ॲलन शोल्झ, जॉन कूपर, रॉस हॉरल इत्यादी सहकारी हॅस्लर यांच्यासमवेत होते. समुद्राकडे निघण्याच्या वयाची पिल्ले मत्स्यबीज केंद्रात काही आठवडे मॉर्फोलीन मिसळलेल्या पाण्यात ठेवली. मिसळण्याचे प्रमाण इतके सूक्ष्म होते की, मनुष्याच्या नाकाला त्याचा पत्ताही लागू नये. तितकीच दुसरी पिल्ले साध्या पाण्यात ठेवली. सर्वांना खुणा करून सरोवरात सोडले. दीड वर्षाने, मासे परतण्याच्या हंगामात, एका ओढ्यात मॉर्फोलीनचे थेंब सोडण्यात आले. त्या ओढ्यात आलेल्या खुणेच्या माशांत, बालपणी तो वास घेतलेले मासे इतरांच्या कित्येक पट होते. दुसऱ्या एका प्रयोगात काही पिल्लांना मॉर्फोलीन, तर काहींना निराळेच रसायन दिले, आणि दोन ओढ्यांत ती दोन रसायने सोडली. दहांपैकी नवाहून अधिक मासे आपापल्या वासाच्या ओढ्यात मिळाले. हे निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. टिंपानोगसच्या वाटेवर सुचलेली कल्पना तीस वर्षांनी पुरी सिद्ध झाली.

परंतु हॅस्लर यांना केवळ सॅमनच्या नाकाचे शास्त्रज्ञ समजणे योग्य होणार नाही. त्यांच्या आधीचे सरोवरशास्त्रज्ञ मुख्यत्वे मोजमाप करीत. सरोवर खोल किती, थंड किती, त्यात प्राणवायू किती, हे ते टिपून ठेवीत. सरोवरावर प्रयोगही करता येईल, हा विचार हॅस्लर यांनी रुजविला. विस्कॉन्सिन व मिशिगन राज्यांच्या सीमेजवळ मधोमध चिंचोळे झालेले एक सरोवर होते. १९५१ मध्ये त्या चिंचोळ्या जागी मातीचा बांध घालून त्यांनी सरोवराचे दोन भाग केले. एकाला पीटर व दुसऱ्याला पॉल अशी नावे मिळाली. पीटरच्या तपकिरी पाण्यात चुना टाकला, पॉल जसेच्या तसे ठेवले, आणि दोहोंत पुढे काय फरक पडतो ते पाहिले. सबंध सरोवर हीच प्रयोगशाळा मानण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत याची गणना होते.

त्याआधी १९४७ मध्ये त्यांनी एक महत्त्वाचा निबंध लिहिला होता. गावांचे सांडपाणी सरोवरात सोडल्याने पाण्यातील पोषक द्रव्ये अतोनात वाढतात, शेवाळ माजते, प्राणवायू कमी होतो आणि उत्तम जातीचे मासे नाहीसे होतात, हे त्यांनी स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवराच्या उदाहरणाने दाखवून दिले. त्या सरोवराच्या दोन भागांपैकी ज्याच्या काठी वस्तीचे सांडपाणी येत होते, तोच भाग बिघडला होता. सरोवराचे आरोग्य हे काठावरच्या लोकवस्तीच्या वागणुकीवर ठरते, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. त्या काळी ती इतक्या स्पष्टपणे सांगणारे थोडे होते. १९६९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. १९७८ मध्ये ते निवृत्त झाले, तोवर पन्नासाहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळविली होती.

या सर्व ज्ञानाचा उपयोग काय, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील. त्याचे उत्तर इडाहो राज्यातील रेडफिश सरोवरापाशी मिळते.

हे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे, आणि नदीच्या वाटेने समुद्र तेथून सुमारे १,४५० किलोमीटर दूर आहे. तेथे येणारे सॉकाय जातीचे सॅमन हंगामात लालभडक होतात, म्हणून सरोवराचेही नाव लाल माशांचे सरोवर असे पडले. १९५५ मध्ये तेथे ४,३०० हून अधिक मासे परतल्याची नोंद आहे. पुढे कोलंबिया आणि स्नेक या नद्यांवर एकामागून एक धरणे झाली. १९७५ मध्ये शेवटचे धरण पुरे झाले, तेव्हा या माशाच्या वाटेत आठ मोठी धरणे उभी होती. वर चढणाऱ्या प्रौढ माशांसाठी धरणांना पायऱ्या ठेवलेल्या आहेत. परंतु खाली जाणाऱ्या पिल्लांना जलाशयांच्या संथ, उबदार पाण्यातून आणि विजेच्या चक्रांतून वाट काढावी लागते. १९९० मध्ये शोशोनी-बॅनक या मूळ रहिवाशांच्या जमातींनी या माशाच्या रक्षणासाठी सरकारकडे अर्ज केला. नोव्हेंबर १९९१ मध्ये तो नष्ट होण्याच्या धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या यादीत घालण्यात आला. त्या वर्षी सरोवराकडे परतलेल्या माशांची संख्या होती ४. पुढच्या वर्षी, १९९२ मध्ये, आला तो केवळ १, आणि तोही नर. एकाकी लॅरी या नावाने तो सबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

१९९१ ते १९९८ या आठ वर्षांत मिळून १६ मासे आले. ते सर्व पकडून, मत्स्यबीज केंद्रात त्यांची संतती वाढविण्यात आली. लॅरीचे वीर्य गोठवून ठेवले होते, तेही उपयोगात आले. अवघ्या काही माशांपासून वंश वाढवावयाचा, म्हणून कोणत्या नराची कोणत्या मादीशी जोडी जमवावी, याचा विचार लग्न जुळविणाऱ्यांनी गोत्र पाहावे त्याहून काटेकोरपणे, त्यांच्या आनुवंशिक नात्यावरून करण्यात आला. २००० मध्ये २५७ मासे परतले. २०१४ मध्ये १,५०० हून अधिक आले. मरणाच्या दारातून एक वंश मागे फिरला.

परंतु या उद्धारकार्यात प्रत्येक पायरीवर हॅस्लर यांनी शिकविलेला धडा शास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा वाचावा लागला. पिल्ले जन्माला घालणे सोपे. त्यांना माहेर देणे अवघड. पूर्वीच्या काळी मत्स्यबीज केंद्रातील पिल्ले सोईच्या कोणत्याही ठिकाणी नेऊन सोडीत. ती मोठी होऊन भलत्याच नदीत शिरत, किंवा भटकत राहत. आता समुद्राकडे निघण्याच्या वयाला पिल्लांना ज्या ओढ्यात परत आणावयाचे, त्या ओढ्याच्या पाण्याशी त्यांची ओळख करून देण्याची दक्षता घेतली जाते.

धरणांपासून बचाव व्हावा म्हणून कित्येक पिल्लांना पडावांत भरून नदीतून समुद्राजवळ नेऊन सोडण्याची पद्धत १९७० नंतर रूढ झाली. पडावांतून नदीचे पाणी खेळते ठेवले जाते. तथापि, असा प्रवास केलेले मासे परतताना अधिक प्रमाणात वाट चुकतात, असे अभ्यासान्ती दिसून आले आहे. वाटेवरचा एकेक वास एकेका वळणावर टिपून ठेवणे हा पिल्लाचा अभ्यास असतो. गाडीत झोपून प्रवास केलेल्या मुलाला गावाची वाट विचारावी, तशी या माशांची अवस्था होते.

रेडफिश सरोवराची आणखी एक अडचण होती. पूर्वी हजारो सॉकाय त्या परिसरात येऊन मरत आणि त्यांच्या देहांतून समुद्रातील पोषक द्रव्ये सरोवराला मिळत. त्यावर सूक्ष्म जीव वाढत, आणि तेच सॉकायच्या पिल्लांचे अन्न होई. मासे येईनासे झाल्यावर सरोवर उपाशी राहिले. म्हणून १९९५ पासून काही वर्षे त्यात मोजूनमापून खत घालण्यात आले. झुरिकचे सरोवर अति पोषणाने बिघडले, रेडफिशचे कुपोषणाने. पाण्यालाही आहाराची मर्यादा असते, हेच दोहोंचे सार.

संख्या वाढविण्याच्या भरात पाण्याकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचा प्रत्ययही लवकरच आला. २०१३ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे दरवर्षी १० लाखांपर्यंत पिल्ले वाढवू शकणारे नवे केंद्र सुरू झाले. पिल्ले धडधाकट निपजली. परंतु रेडफिशच्या ओढ्यात सोडल्यावर त्यांतील पुष्कळशी समुद्राच्या वाटेवरच दगावली. शोध करता कळले की, केंद्राचे पाणी क्षारांनी जड होते आणि ओढ्याचे पाणी अत्यंत मृदू. हा एकाएकी झालेला बदल पिल्लांना सोसला नाही. मग त्यांना आधी मधल्या प्रतीच्या पाण्यात ठेवून हळूहळू सरावविण्याचा उपाय योजावा लागला. २०१५ च्या उन्हाळ्यात तर आणखी मोठा आघात झाला. कोलंबिया नदीचे पाणी इतके तापले की, खालच्या पहिल्या धरणापर्यंत आलेल्या सुमारे ४,००० स्नेक नदीच्या सॉकायपैकी १०० मासेही आपल्या बळावर डोंगरातील खोऱ्यात पोचले नाहीत. आजही हा मासा धोक्याच्या यादीतच आहे.

नाकावरचे संकट तर नव्याने उघडकीस आले आहे. एक लिटर पाण्यात तांब्याचे काही मायक्रोग्रॅम अधिक मिसळले, तरी कोहो सॅमनची वासाची शक्ती मंदावते, असे प्रयोगांत आढळले. हे तांबे खाणींतून येते, तसेच मोटारींच्या ब्रेकमधून झिजून रस्त्यावर पडते आणि पावसाबरोबर ओढ्यात जाते. त्यामुळे वॉशिंग्टन राज्याने २०१० मध्ये ब्रेकमधील तांबे कमी करण्याचा कायदा केला. त्याच राज्यातील शहरी ओढ्यांत पावसानंतर कोहो मासे अंडी घालण्यापूर्वीच तडफडून मरत. मोटारींच्या टायरांत घातलेल्या एका रसायनापासून तयार होणारे विष हे त्याचे कारण असल्याचे २०२० मध्ये सिद्ध झाले. ज्या प्रदेशात नाकात बोळे घालून सॅमनची परीक्षा घेतली गेली, त्याच प्रदेशात रस्त्यांवरून वाहत येणारे पाणी आज त्यांची नवी परीक्षा पाहत आहे.

तथापि, निसर्गाने सर्व भार आठवणीवरच टाकलेला नाही. दरवर्षी थोडे सॅमन आपला ओढा सोडून परक्या ओढ्यात शिरतात. हे भटके मासे म्हणजे निसर्गाची चूक नव्हे, ती त्याची शिल्लक होय. एखादा ओढा दरड कोसळून बंद झाला, तर वंश अन्यत्र तगून राहतो. आणि एखादा नवा ओढा मोकळा झाला, तर तेथे वस्ती होते. क्लॅमथ नदीवरील चार धरणे २०२३ आणि २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यांतील सर्वांत जुने १९१८ पासून उभे होते. धरणे निघाली त्याच वर्षीच्या शरद ऋतूत चिनूक सॅमन धरणांच्या जागा ओलांडून वरच्या पाण्यात पोचले. त्यांच्यापैकी एकही मासा त्या वरच्या पाण्यात जन्मलेला नव्हता. पाणी मोकळे झाले, स्वच्छ व थंड राहिले, एवढे आमंत्रण त्यांना पुरले.

आर्थर हॅस्लर यांचे २३ मार्च २००१ रोजी मॅडिसन येथे वयाच्या ९३ व्या वर्षी निधन झाले. मेंडोटा सरोवराच्या काठावर त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेला आज त्यांचे नाव आहे. धोक्यातील मासा वाचवावयाचा म्हणजे त्याची पिल्ले मोजणे एवढेच नव्हे. ज्या मातीचा, झाडांचा आणि पाचोळ्याचा गंध घेऊन ते पिल्लू समुद्राकडे गेले, ती माती, ती झाडे आणि ते पाणी त्याच्या परतीपर्यंत जतन करून ठेवणे, हे त्या कामाचे खरे स्वरूप आहे. लेक माहेरी यावी असे वाटत असेल, तर माहेर जागेवर असले पाहिजे.